घरच्या घरी अर्क काढायचं यंत्र: सोलापूरच्या उन्हात शिकलेली रीत

तांब्याची दहा फूट नळी आणि जुना कुकर घेऊन मी पहिल्यांदा लेथवाल्याकडे गेले, तेव्हा त्याने नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "ताई, काय काढायलाव?" गुलाबपाणी म्हटल्यावर तो हसला. पण काम सुरू केलं ते पिशवीतली गुलाबाची फुलं डोळ्यांनी पाहिल्यावरच. त्याचं चुकलं नाही. आपल्या जिल्ह्यात हातभट्टीने काय केलंय ते सगळ्यांनी पाहिलंय. ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं तेही त्याचसाठी.

म्हणून आधी हा विषय संपवते. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे. त्याच्या कलम ६५ प्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहे, आणि गाळण्याच्या हेतूने भांडी-यंत्रं जवळ बाळगणं हाही. 'घरातल्यापुरती', 'फक्त प्रयोग म्हणून' अशी सवलत त्यात नाही. या लेखातलं यंत्र फुलं, पाला, ओवा आणि साध्या पाण्यासाठी आहे. त्यात गूळ, मोहाची फुलं किंवा कसलंही आंबवण घालायचं नाही. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा आणि पहिल्या गुलाबपाण्याची बाटली त्यांच्याच घरी पाठवा.

आता मुद्द्यावर येते. सगळे नवशिके आचेची काळजी करतात. आच सोपी आहे, कुठल्याही शेगडीवर पाणी उकळतं. अवघड आहे ते वाफेला परत पाणी करणं, आणि सोलापुरात तर फारच. माझं पहिलं वर्ष याच एका गोष्टीत गेलं, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा गारव्याला दिली आहे.

आत नेमकं काय होतं

गवती चहाच्या तेलाचा मुख्य घटक सिट्रल सव्वादोनशे अंशांच्या पुढे उकळतो. पाणी आपल्याकडे साडेअठ्ठ्याण्णवलाच उकळतं, कारण शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे. तरीही पाण्याच्या वाफेबरोबर तेल वर येतं. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापले की दोघांच्या वाफेचा दाब मिळून हवेच्या दाबाइतका होतो, आणि मिश्रण पाण्याच्या उकळबिंदूच्याही जरा खालीच उकळू लागतं. तेलाला स्वतःच्या उकळबिंदूपर्यंत जावं लागत नाही, म्हणून सुगंध जळत नाही. ही वाफ गार झाली की पाणी आणि तेल दोन्ही खाली उतरतात. तेल बहुधा वर तरंगतं आणि थोडा सुगंध विरघळून राहिलेलं खालचं पाणी म्हणजे अर्क.

युक्ती जुनीच आहे. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात तिर्यक्पातन यंत्र आहे, म्हणजे तिरप्या नळीतून वाफ उतरवणारं. कनौजचे अत्तरवाले आजही तांब्याच्या देगेतून (मोठ्या हंड्यातून) बांबूच्या चोंग्यावाटे (नळीवाटे) भपक्यात, म्हणजे वाफ गार होऊन साठते त्या भांड्यात, वाफ नेतात. आपल्या खानदेशात रोशा गवताचं तेल असंच काढत आले आहेत. आपण त्याच कुळातलं एक लहान, ओट्यावर मावणारं भांडं करतोय.

यंत्राची जुळणी

पहिला प्रयत्न सगळे करतात तो मीही केला. पाच लिटरच्या कुकरची शिट्टी काढली, त्या दांडीवर सिलिकॉनची नळी चढवली आणि नळी गार पाण्याच्या बादलीतून फिरवली. हे करू नका. शिट्टीच्या दांडीचं भोक काडीएवढं असतं. गुलाबाची एक पाकळी उकळून वर आली आणि त्या भोकावर बसली. आत दाब चढत गेला आणि नळी सुटून ओट्यावर वाफेचा फवारा उडाला. मी तेव्हा दुसऱ्या खोलीत होते म्हणून हात भाजला नाही. वडील मिलच्या बॉयलरवर होते, त्यांना हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "वाफेला वाट मोठी ठेव."

दुसऱ्या यंत्रात तेच केलं. भांडं म्हणून पाच ते सात लिटरचा स्टीलचा कुकर घ्या. अॅल्युमिनियमचा नको, कारण लिंबाच्या सालीसारख्या आंबट जिनसा त्याला खातात. झाकणावरची शिट्टीची दांडी काढून तिथलं भोक लेथवाल्याकडून चार सूत, म्हणजे अर्ध्या इंचापर्यंत मोठं करून घ्या. त्यात पितळी निप्पल (आटे असलेला नळीचा छोटा तुकडा) दोन्ही बाजूंनी नट आणि सिलिकॉनचं वायसर लावून कसून घ्या. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे तिथेच राहू द्या आणि दरवर्षी नवा घाला. हा कुकर आता स्वयंपाकाचा राहिला नाही. त्यात डाळ शिजवायची नाही आणि त्याच्या वाटेत कधीही तोटी किंवा कॉक बसवायचा नाही. भांड्यापासून बाटलीपर्यंत वाट कायम उघडी असली पाहिजे.

फुलं भोकापर्यंत येऊ नयेत म्हणून झाकणाच्या आतून निप्पलवर चहाच्या स्टीलच्या गाळणीची जाळी बांधून घ्या. तिचा घेर निप्पलपेक्षा चांगला मोठा हवा, नाहीतर ती स्वतःच बुच होऊन बसते. भांडं दोन तृतीयांशाच्या वर कधीही भरू नका.

नळी तांब्याची, तीन सुताची, दहा फूट. फ्रीज-एसी दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात वेटोळ्यात मिळते. नवीच घ्या. भंगारातली नळी स्वस्त पडते, पण तिच्या आत कॉम्प्रेसरचं तेल मुरलेलं असतं आणि ते कितीही धुतलं तरी जात नाही. दोन फूट नळी सरळ सोडा आणि बाकीची चार इंची पीव्हीसी पाइपावर गुंडाळा. सहा वेटोळी होतात. नुसती वाकवली तर ती चेपते. म्हणून आधी एक टोक चिकटपट्टीने बंद करून नळीत बारीक कोरडं मीठ ठासून भरा, दुसरं टोक बंद करा आणि मग हळूहळू वाकवा. वाळूनेही हेच काम होतं, पण वाळूचा एखादा खडा अडकला तर निघत नाही. मीठ पाण्यात विरघळून जातं.

जोडांबद्दल एक गोष्ट कटाक्षाने पाळा. नेहमीच्या साध्या डागात (सोल्डरिंगमध्ये) शिसं असू शकतं, आणि गरम वाफ त्यावरून गेलेलं पाणी चेहऱ्याला लावायचं असेल तर तो डाग नकोच. सगळीकडे फ्लेअर नट (नळीचं टोक पसरवून त्यावर कसायचे नट) आणि पितळी जोड वापरा. ते पान्याने उघडता येतात आणि धुताही येतात. अगदी डाग द्यायचाच असेल तर चांदीचं ब्रेझिंग करून घ्या आणि त्यात कॅडमियम नाही ना, ते विचारा. एमसील, रबराची नळी, बागेचा पाइप यांतलं काहीही वाफेच्या वाटेवर नको. झाकणाच्या कडेने वाफ फुरफुरली तर कणकेची वळी लावा. जुन्या लोकांचं हे लिंपण आजही उत्तम चालतं, आणि आत दाब चढलाच तर आधी कणीकच सुटते.

वेटोळं एका उभट स्टीलच्या डब्यात किंवा वीस लिटरच्या बादलीत बसवा. वरून वाफ येणार, आणि तळाशी पाडलेल्या भोकातून नळीचं टोक बाहेर येणार. गार पाणी डब्यात तळाशी सोडायचं आणि तापलेलं वरून काढायचं. पुष्कळ जण हे उलटं करतात आणि मग अर्क गरम येतो म्हणून कपाळाला हात लावतात. कुकरपासून वेटोळ्यापर्यंतची नळी थोडी वर चढून मग सतत उतरती हवी. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचतं, वाफ गुडगुडते आणि अर्क धापा टाकत येतो.

गारवा: खरा खर्च इथेच

एक लिटर वाफेचं पाणी करून ते चाळीस अंशांपर्यंत आणायला साधारण अडीच हजार किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला ४.२ किलोज्यूल लागतात. डिसेंबरात टाकीतलं पाणी २२ अंशांवर असतं. ते ५८ पर्यंत तापू दिलं तर एका लिटर अर्कामागे सतरा लिटर पाणी लागतं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी ३८ च्या घरात असतं, तेव्हा तोच हिशोब तीस लिटरवर जातो.

ज्या शहराने नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येताना पाहिलंय, तिथे एका बाटली गुलाबपाण्यासाठी दोन-तीन बादल्या मोरीत सोडणं शोभत नाही. माझ्या घरी तर ते चालूच दिलं नसतं. मग मी बर्फ आणून पाहिला. एक किलो बर्फ वितळून पन्नास अंशांपर्यंत जाताना साधारण साडेपाचशे किलोज्यूल शोषतो, म्हणजे लिटरमागे साडेचार किलो बर्फ. एकदा-दोनदा ठीक आहे. नेहमीसाठी नाही.

उत्तर समोरच्या खिडकीत घरघरत होतं. कूलर. सोलापूरचा उन्हाळा कडक आहे, पण कोरडा आहे. हवा ४० अंश आणि आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असली तर ओल्या गवतावरून झिरपणारं पाणी तत्त्वतः २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकतं. माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने. शिवाय एक लिटर पाणी हवेत उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जातं. म्हणजे एक लिटर अर्क गार करायला साधारण एकच लिटर पाणी उडवावं लागतं. तीस लिटरच्या जागी एक. ज्या हवेने टाकीतलं पाणी तापवलं तीच हवा ते गारही करते.

जुळणी अशी. साधारण अडीच फूट उंचीचा लहान कूलर जमिनीवर ठेवा. त्याच्या शेजारी दोन फुटी स्टुलावर वेटोळ्याचा डबा. कूलरच्या टबातल्या पंपाची नळी, जी एरवी वरच्या पन्हळीत पाणी सोडते, ती काढून डब्याच्या तळाच्या तोटीला जोडा. डब्याच्या वरच्या काठाखाली एक सांडवा पाडा आणि तिथून निघणारं गरम पाणी पाइपाने कूलरच्या पन्हळीत सोडा. पाणी गवताच्या जाळ्यांवरून झिरपत, गार होत टबात परत येतं. सांडवा पन्हळीपेक्षा हातभर उंच असला की दुसऱ्या पंपाची गरज पडत नाही. कुकर ओट्यावर, डबा त्याच्याखाली, बाटली डब्याच्याही खाली पाटावर. सगळं उताराने येतं.

माझ्याकडे एप्रिलच्या दुपारी टबातलं पाणी २८ ते ३० अंशांवर टिकतं आणि अर्क हाताला गारच लागतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ही युक्ती अर्ध्यावर येते, पण तेव्हा टाकीतलं पाणीही तितकं तापलेलं नसतं.

तीन सावधगिऱ्या सांगते. कूलरचा झोत गॅसच्या ज्योतीवर येता कामा नये. ज्योत विझली आणि गॅस चालूच राहिला तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून मी इंडक्शनच वापरते. पंप आणि इंडक्शनचे प्लग पाण्याच्या वाटेपासून दूर, भिंतीवर उंच ठेवा आणि घराला ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल याची खात्री करा. आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर पाणी उडत जातं तसा टबात क्षार साठतो, म्हणून चार-पाच खेपांनंतर टब रिकामा करून धुवा. ते पाणी झाडांना घालू नका, फरशी पुसायला वापरा.

कुकरपासून डब्यापर्यंतच्या नळीला मात्र गारवा नको, ऊब हवी. तिथेच वाफ गार झाली तर पाणी परत कुकरात पडतं आणि वीज वाया जाते. मी जुन्या सोलापुरी टॉवेलच्या पट्ट्या गुंडाळून दोऱ्याने बांधल्या. अर्ध्या तासात जाणवण्याइतका फरक पडला. गॅसवर करणार असाल तर कापड ज्योतीपासून लांब ठेवा.

पहिली खेप नुसत्या पाण्याची

नव्या यंत्रात लगेच गुलाब घालायचा मोह होतो, तो आवरा. आधी नळीतून सायट्रिक अॅसिडचं कोमट पाणी फिरवा. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं, लिटरभर पाण्याला दोन चमचे पुरे. मग दोनदा साधं पाणी. त्यानंतर कुकरात तीन लिटर पाणी घालून एक लिटर उतरवा. पहिला पाव लिटर फेकून द्या.

उरलेल्या पाण्यात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) घाला. आमच्या बोअरचा आकडा नऊशेच्या पुढे जातो आणि उतरलेल्या पाण्याचा दहाच्या आत यायला हवा. तो शंभर आला तर समजा, उकळतं पाणी उसळून थेट नळीत जातंय. आच कमी करा किंवा पाणी कमी भरा. पाण्यात हिरवट-निळसर झाक दिसली तर तांबं विरघळतंय, पुन्हा धुवा. या खेपेला सगळे जोड तपासून घ्या. थंड आरसा जोडाजवळ धरला की गळती धुक्यासारखी उमटते.

हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालतं, इस्त्रीत चालतं. पण त्यासाठीच यंत्र करायचं म्हणाल तर करू नका. लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास गॅस आणि तासभर बसणं, त्यापेक्षा दुकानातली बाटली बरी.

गुलाब

सोलापूरच्या चहूबाजूंना अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशी देवस्थानं. त्यामुळे फुलबाजाराला तोटा नाही, पण अर्काला लागतो तो गावठी गुलाब. गुलाबी, विस्कटलेला, दुपारपर्यंत पाकळ्या गाळणारा. लांब दांड्याचे लालभडक डच गुलाब दिसायला राजबिंडे, पण वासाच्या नावाने शंख. हार झालेली फुलं घेऊ नका, त्यांच्यावर काय काय फवारलंय ते कळत नाही. ओळखीच्या मळ्यातून किंवा स्वतःच्या कुंड्यांतून घ्या. गड्ड्याच्या जत्रेच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या आसपासची थंडी गुलाबाला चांगली असते. पहाटे तोडा आणि ऊन चढायच्या आत कुकरात घाला. चढत्या उन्हाबरोबर सुगंध उडायला लागतो.

पाव किलो पाकळ्या, दीड लिटर पाणी. पाणी आरओचं किंवा आधी उतरवलेलं घ्या. गुलाब वाफेवर जाळीत ठेवायचा नाही. पाकळ्या ओल्या झाल्या की एकमेकींना चिकटून गोळा होतो आणि वाफ बाजूने निघून जाते. त्या पाण्यात मोकळ्या तरंगल्या पाहिजेत.

सुरुवातीला इंडक्शन हजार वॅटवर. पहिला थेंब पडला की आच उतरवा. मिनिटाला आठ-दहा मिलिलिटर ही गुलाबाची चाल. वीस-वीस मिलिलिटरच्या धारेने काढलेल्या पाण्याला शिजवलेल्या पालेभाजीचा वास येतो. मला हे तीन खेपा वाया घालवल्यावर कळलं. एक अडचण अशी की स्वस्तातले इंडक्शन कमी आचेवर सलग चालत नाहीत, दहा सेकंद चालू आणि दहा सेकंद बंद असं करतात. बंद काळात कुकरातली वाफ आक्रसते आणि नळीचं टोक अर्कात बुडालेलं असेल तर अर्क उलटा ओढला जातो. म्हणून टोक नेहमी बाटलीतल्या पाण्याच्या वर लोंबतं ठेवा. कुकरखाली जाड लोखंडी तवा ठेवला की धाप कमी होते. बंद करतानाही आधी बाटली बाजूला घ्या आणि मग बटण दाबा.

पाव किलो पाकळ्यांमागे पाव लिटर अर्क घ्या, फार तर साडेतीनशे मिलिलिटर. दर पन्नास मिलिलिटरला बाटली बदला आणि हुंगत जा. पहिली थोडी हिरवट लागते, दुसरी-तिसरी खरी गुलाबाची, पुढे पुढे ओल्या लाकडाचा वास यायला लागतो. तो आला की थांबायचं. कुकरात पाणी किती उरलंय तेही मोजत राहा. तळ कोरडा पडून पाकळ्या करपल्या तर त्या वासाने सगळी खेप बाद होते.

गुलाबाचं तेल निघेल का, असं सगळे विचारतात. निघतं, पण दिसत नाही. एक किलो तेलाला तीन ते पाच टन फुलं लागतात. पाव किलो पाकळ्यांत दोन-तीन थेंबसुद्धा नसतात आणि तेवढंही बहुतेक पाण्यातच राहतं.

ताज्या गुलाबपाण्याचा वास पहिल्या दिवशी जरा उग्र, शिजका असतो. निराश होऊ नका. तोंडावर मलमलीचं फडकं बांधून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा, मग झाकण लावा. तो उग्रपणा उतरतो.

गवती चहा आणि ओवा

तेल डोळ्यांनी पाहायचं असेल तर गवती चहा. परसात दोन ठोंब असले तरी पुरे. ताज्या पातीत तेल ०.३ ते ०.५ टक्के असतं, म्हणजे एक किलो पातीमागे तीन ते पाच मिलिलिटर. नवशिक्याला तीन मिळालं तरी शाबास. पाती एक दिवस सावलीत सुकवा, दोन-दोन इंचांचे तुकडे करा. इथे जाळी वापरायची. कुकरात दीड लिटर पाणी, त्यावर उंच स्टँड, त्यावर मोदकपात्रातली भोकांची ताटली आणि वर पात. फार दाबून भरू नका, फार मोकळीही नको. गुलाबासारखं जपायला लागत नाही, आच थोडी जास्त चालते. तेल पहिल्या पाऊण तासात बहुतेक येऊन जातं.

तेल वेगळं करायला मी अरुंद, लांब मानेची काचेची बाटली वापरते. अर्क तिच्यात भरते आणि तेल वर जमलं की हळूहळू साधा अर्क ओतून पातळी मानेपर्यंत चढवते. मानेत पिवळं कडं दिसतं, ते ड्रॉपरने उचलायचं. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात विलगन नरसाळं मिळतं, ते असेल तर प्रश्नच नाही. तेल लहान, गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत ठेवा, प्लास्टिकला ते खातं. नुसतं तेल अंगाला लावू नका, सिट्रलने कातडी चुरचुरते. खोबरेल किंवा तिळाच्या चमचाभर तेलात एक थेंब पुरे. मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका, आणि आचेजवळ तर नाहीच.

ओवा त्याहून सोपा. पाव किलो ओवा जाडसर कुटून, दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी थेट उकळायचा. बियांत तेल दोन ते चार टक्के असतं, त्यामुळे अर्क पांढरट, दुधाळ येतो आणि वर तेलाचा तवंग दिसतो. थंडीत या तेलात कधी काचेसारखे खडे दिसतात, ते थायमॉल. आपलं ओव्याचं फूल. फार तिखट असतं, डोळ्याला लागलं तर दिवस वाया गेला समजा. हे अर्क पोटात घ्यायचे का, याबद्दल मी काही सांगणार नाही, ते वैद्याला विचारा. आणि विकायचा विचार असेल तर सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायला परवाना लागतो.

वाळा मात्र पहिल्या वर्षी सोडून द्या. कूलरमुळे तो डोक्यात येतोच. पण मुळ्यांतलं तेल जड आणि चिवट, ते सुटायला पंधरा-वीस तास भट्टी चालू ठेवावी लागते आणि सुटलं तरी पाण्यापासून नीट वेगळं होत नाही. मी एकदा नऊ तास बसले होते. हाती आला तो पावसानंतरच्या मातीसारखा वास असलेला अर्धा लिटर अर्क आणि विजेचं बिल.

साठवण आणि धुणं

बाटल्या काचेच्या, पाण्यात दहा मिनिटं उकळून उपड्या वाळवलेल्या. गरम अर्क बंद करू नका. त्यात कसलंही टिकाऊ द्रव्य नसतं, म्हणून फ्रीजमध्ये ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. दोरे तरंगताना दिसले, गढूळपणा आला किंवा वास आंबला की झाडाच्या बुंध्यात ओता. बाटलीवर तारीख, फुलांचं वजन आणि किती मिनिटांत किती उतरलं ते लिहून चिकटवा. पुढच्या वेळी आच कुठे ठेवायची ते त्याच चिठ्ठीवरून ठरतं.

प्रत्येक खेपेनंतर कुकरात लिटरभर साधं पाणी घालून पाव लिटर उतरवा, म्हणजे नळी आतून वाफेने धुतली जाते. मग जोड सोडवून वेटोळं उभं टांगा, ओलं राहिलं तर आत हिरवं चढतं. महिन्यातून एकदा लिंबूफुलाचं पाणी फिरवा. तांबं आणि स्टील धुतलं जातं, पण झाकणाच्या रिंगेचं काही करता येत नाही. गुलाबाला एक, गवती चहाला एक अशा वेगळ्या रिंगा ठेवा. माझ्या पहिल्या रिंगेला दोन वर्षं झाली, उन्हात वाळवली, बेकिंग सोड्यात बुडवून ठेवली, तरी कपाट उघडलं की ओव्याचाच वास येतो. आता ती ओव्याचीच.